मारिओ जाड नव्हता

उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 वर गेला की दुपारी पोरं कूलरसमोर बसतात आणि कुणीतरी माळ्यावरून जुना व्हिडिओ गेम काढतं. भिंतीवरच्या चपट्या टीव्हीला तो जोडला की पोरं म्हणतात, "काय भंगार ग्राफिक्स आहे!" हा आरोप खोटा आहे. दोष गेमचा नाही, टीव्हीचा आहे.

1985 चा सुपर मारिओ 256 बाय 240 ठिपक्यांत काढलेला, तोही पिक्चर ट्यूब समोर धरून. ट्यूबवर ठिपक्यांच्या कडा विरघळतात, शेजारचे रंग मिसळतात. 1991 च्या सोनिकमधला धबधबा म्हणजे एकाआड एक उभ्या रेघा. पिवळ्या पिनेच्या केबलने ट्यूबवर आल्या की त्यांचं पारदर्शक पाणी व्हायचं. नव्या पडद्यावर खिडकीचे गज दिसतात.

त्यात हा टीव्ही चौकोनी चित्र कडेपर्यंत ताणतो. 1920 बाय 1080 च्या पडद्यावर मारिओचा एक ठिपका साडेसात रुंद आणि साडेचार उंच होतो. जुन्या 4:3 आकाराचा पर्याय असलाच तर मेनूत इतका खोल, की तो सापडेपर्यंत पोरं मोबाइलकडे वळलेली असतात.

गेमच्या बंदुकीचं दुःख वेगळं. डक हंटमध्ये घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड शोधतो. ट्यूब चित्र लगेच काढायची. नवा टीव्ही आधी चित्र साफसूफ करत बसतो, तोवर बंदुकीची वेळ टळते. नेम अचूक असूनही बदक उडून जातं आणि कुत्रा हसतो. यात पोराची काय चूक?

पिवळ्या पिनेची जागाही आता नव्या टीव्हीवरून जात चालली आहे. दुकानात विचारलं, तर उत्तर मिळालं, "आता कोन मांगते भाऊ ते?" मी मागतो. रिमोटवर 4:3 चं एक बटण द्या, आणि एक असं, की जे दाबल्यावर टीव्ही चित्राला हात लावणार नाही. बंदूक त्यानेही चालायची नाही, म्हणून घरी ट्यूबचा चालू टीव्ही असेल तर तो भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊ नका.