सध्या चालू आहे

पुण्यात चाळिशी ओलांडलेल्या, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र आणि पाठीला लॅपटॉपची सॅक अडकवलेल्या गृहस्थाला ‘पीएचडी झाली का?’ असं विचारू नये. ‘कुठवर आली?’ असं विचारावं. पहिल्या प्रश्नाने माणूस दुखावतो. दुसऱ्याने त्याला कंठ फुटतो आणि आपला चहा निवतो.

ज्यांच्याविषयी लिहितोय ते एकटे नाहीत. चाकणला, भोसरीला, हिंजवडीला, बँकांच्या विभागीय कार्यालयांत, विम्याच्या कचेऱ्यांत त्यांची दांडगी जमात आहे. सोयीसाठी आपण त्यांना भावी डॉक्टर म्हणू. हुद्दा डेप्युटी जनरल मॅनेजर, किंवा तो मिळता मिळता राहिलेला. एमबीए जुनं, तेही नोकरी सांभाळूनच केलेलं. मुलगी बारावीत, घराचं कर्ज उतरत आलेलं. सगळं मार्गी लागत असताना एका रात्री त्यांना जाग येते आणि वाटतं, आपल्या नावाच्या आधी नुसतं ‘श्री.’ आहे. तेही सोसायटीच्या नोटिशीवर.

विषय ठरायला वेळ लागत नाही. मॅनेजमेंटचा प्रबंध ‘अ स्टडी ऑफ’ने सुरू होतो आणि ‘विथ स्पेशल रेफरन्स टू पुणे डिस्ट्रिक्ट’पाशी थांबतो. मधल्या जागेत आपापल्या खात्याचं काहीतरी भरायचं. भावी डॉक्टर एचआरमध्ये, म्हणून वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत माणसं टिकतात कशी, हा त्यांचा विषय. आणि पदवी हातात पडली की कंपनीला रामराम ठोकून एखाद्या बी-स्कूलमध्ये प्राध्यापक व्हायचं, हा त्यांचा बेत. माणसं टिकवण्यावरचा प्रबंध नोकरी सोडण्यासाठी लिहिला जातोय, यात त्यांना काही वावगं दिसत नाही. मला विचाराल तर या विषयाला याहून लायक माणूस मिळणार नाही.

अर्धवेळ पीएचडीला यूजीसीची ना नाही. मात्र नियमाप्रमाणे कंपनीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात साहेबांना लिहून द्यावं लागतं की, या माणसाच्या कामाचं स्वरूप बघता त्याला संशोधनासाठी पुरेसा वेळ देता येईल. साहेबांनी एक शब्द न बोलता सही केली, शिक्का मारला आणि एक झेरॉक्स स्वतःच्या खणात टाकली. एप्रिलमध्ये अप्रेझलला भावी डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, “सर, वर्षभर दोन माणसांचं काम एकटा ओढतोय.” साहेबांनी खण उघडला, कागद पुढे सरकवला. “हे तुम्हीच टाइप करून आणलं होतंत ना?” त्या वर्षीच्या पगारवाढीचा विषय घरात अजून कोणी काढत नाही.

कोर्सवर्क शनिवार-रविवारी उरकलं. किमान १२ क्रेडिटचं असतं, त्यात संशोधनातल्या नीतिमत्तेवरचा पेपरही असतो. वर्गात मुलीपेक्षा चार-सहा वर्षांनीच मोठी असलेली पोरं. त्यांनी यांना आधी ‘सर’ म्हटलं, नंतर ‘काका’.

खरी मजा गाईडपासून सुरू होते. नियमाने प्रोफेसरला ८, असोसिएटला ६ आणि असिस्टंटला ४ संशोधक घेता येतात, त्यामुळे गाईड मिळणं हे रविवारी संध्याकाळी लक्ष्मी रोडवर गाडी लावायला जागा मिळण्याइतकं नशिबाचं. भावी डॉक्टरांना मिळाल्या त्या मॅडम त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. कंपनीत हे केबिनमधून बाहेर आले की कॅन्टीनमधलं हसणं थांबतं. संशोधन केंद्रात हेच गृहस्थ प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर स्पायरल बाइंडिंग धरून, तोंडी परीक्षेला आलेल्या पोरासारखे बसतात.

“सर, इथे तुम्ही ‘इट इज ऑब्झर्व्ह्ड दॅट’ लिहिलंय. कोणी ऑब्झर्व्ह केलं?”

“मीच, मॅडम.”

“कुठे?”

भावी डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. बावीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. मीटिंगमध्ये तर ‘असं दिसून आलंय’ म्हटलं की विषय संपतो. मॅडमनी हिरव्या पेनाने त्या वाक्याभोवती गोल केला आणि पान उलटलं. पुढच्या पानावर तसे सहा गोल झाले.

दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. भावी डॉक्टर त्यासाठी अर्धा दिवस रजा टाकतात, इस्त्रीचा शर्ट घालतात आणि मागच्या वेळचीच फाइल उघडून पहिल्या स्लाइडवरची तारीख बदलतात. समितीतले एक ज्येष्ठ सर दर वेळी विचारतात, “रिसर्च गॅप काय?” आणि दर वेळी उत्तर ऐकण्याआधी त्यांचा फोन वाजतो. या योगायोगावर भावी डॉक्टरांची श्रद्धा आहे.

आता आकड्यांकडे येऊ. १९७० साली क्रेजसी आणि मॉर्गन या दोन अमेरिकन संशोधकांनी एक कोष्टक छापलं. एकूण माणसं दहा लाख असली तरी ३८४ जणांना विचारलं की पुरे, असा त्यातला हिशेब. तेव्हापासून आपल्याकडे मॅनेजमेंटच्या मंडळींनी ३८४ या आकड्याला कुलदैवत मानलं आहे. भावी डॉक्टरांनी आधी आपल्याच शॉप फ्लोअरवर प्रश्नावल्या वाटल्या. सगळ्या संध्याकाळपर्यंत परत आल्या, आणि प्रत्येक विधानापुढे ‘पूर्णपणे सहमत’. एचआरच्या साहेबांनी स्वतः कागद दिल्यावर कोण असहमत होईल? मॅडमनी हसू दाबलं आणि बाहेरच्या कंपन्यांतली माणसं गाठायला सांगितलं.

मग लग्नकार्यं, मुंजी, वास्तुशांती, काही सुटलं नाही. चिंचवडच्या एका मंगल कार्यालयात मुहूर्ताला अवकाश होता. वऱ्हाडातला एक सीएनसी ऑपरेटर एकटा बसलेला पाहून भावी डॉक्टरांनी त्याच्या हातात फॉर्म ठेवला, शेरवानीच्या खिशातून पेन काढून दिलं. रेन्सिस लायकर्टने १९३२ मध्ये जी मोजपट्टी दिली, तीच ही: ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच घरं. गड्याने मन लावून फॉर्म भरला. ‘चांगली संधी मिळाल्यास मी ही कंपनी सोडेन’: पूर्णपणे सहमत. ‘मला याच कंपनीतून निवृत्त व्हायला आवडेल’: पूर्णपणे सहमत.

“अहो, दोन्ही कसं चालेल?”

“साहेब, दोन्ही खरंय. पहाटे बस पकडताना पहिलं. हप्ता कापल्याचा मेसेज आला की दुसरं.”

माझ्या मते अख्ख्या प्रबंधात एवढं मोलाचं वाक्य दुसरं नाही. पण संख्याशास्त्राचे दात निराळे. प्रश्नावली भरवशाची आहे की नाही हे ठरवायला क्रोनबाखचा अल्फा काढतात, आणि तो ०.७ च्या वर यावा असा दंडक आहे. तीस जणांच्या प्राथमिक पाहणीत असली दोन-तीन माणसं निघाली, तर अल्फा आजारी पडतो. पैसे घेऊन एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर चालवून देणाऱ्या मुलाने सुचवलं, “काका, डेटा क्लीन करू या.” ऑपरेटर गळला. त्याच्या जागी मेहुण्याचा फॉर्म आला. मेहुणा सगळ्याच विधानांना ‘तटस्थ’. अल्फा सुधारला.

मग साम्य तपासणी. १० टक्क्यांपर्यंत साम्य क्षम्य, त्यापुढे प्रबंध सुधारून आणायचा, आणि ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द, असे २०१८ चे नियम. साहित्याचा आढावा तपासायला टाकला तर यांच्या लॅपटॉपवर ३८ टक्क्यांचा लाल उजेड पडला. तेव्हापासून रोज रात्री जेवण झाल्यावर भावी डॉक्टर दुसऱ्यांची वाक्यं आपल्या शब्दांत उतरवतात. सवय अंगात भिनली आहे. परवा पत्नी म्हणाली, “अहो, तीन दिवस सांगतेय, गीझर बघा.” हे म्हणाले, “हे तू काल याच शब्दांत सांगितलंयस.” त्या रात्री पोळ्या गार होत्या.

मोहाचे क्षणही येतात. दुपारी तीनच्या सुमारास फोन येतो: “सर, डीबीए करा. ऑनलाइन, युरोपची युनिव्हर्सिटी, दीड वर्षात डॉक्टर.” डीबीए, म्हणजे डॉक्टर ऑफ बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन, ही काही थापेबाजी नव्हे. इंग्लंडात हेन्ली, क्रॅनफिल्ड इथे नोकरदारांसाठीच ती पदवी आहे आणि तिथेही वर्षानुवर्षं घासावी लागते. परंतु एडटेक कंपन्यांनी परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून चालवलेल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असं यूजीसी आणि एआयसीटीईने २०२२ च्या ऑक्टोबरात स्पष्ट बजावलं. भावी डॉक्टरांनी ते पत्रक मोबाइलमध्ये जपून ठेवलंय. फोन आला की ते त्या बिचाऱ्या मुलीला वाचून दाखवतात. त्यामागे थोडी जळजळही आहे. त्यांच्याच इमारतीतल्या एका बिल्डरने दिल्लीच्या हॉटेलात शाल, श्रीफळ आणि ‘मानद’ डॉक्टरेट घेतली आणि परत येईपर्यंत दारावरची पाटी बदलून झाली होती. भावी डॉक्टर हल्ली लिफ्ट सोडून जिन्याने जातात. लोकांना वाटतं, व्यायाम.

इतकं असूनही हे गृहस्थ मला आवडतात, आणि त्याचं कारण पदवीशी संबंधित नाही. मागच्या महिन्यात कंपनीत एक सल्लागार आला. रंगीत वर्तुळं दाखवत म्हणाला, “नव्या पिढीला पगारापेक्षा अर्थपूर्ण काम हवंय, असं दिसून आलंय.” माना डोलल्या. भावी डॉक्टर मागच्या रांगेतून म्हणाले, “कोणाला दिसलं? कुठे?” सल्लागाराने स्लाइड पुढे ढकलली. साहेबांनी खणाकडे पाहिलं. भावी डॉक्टरांनी मात्र पहिल्यांदाच संशोधन केलं होतं, आणि ते कुठल्याच प्रकरणात बसणार नव्हतं.

नोंदणीला सहा वर्षं पुरी होत आलीत. पुनर्नोंदणीची जास्तीत जास्त दोन वर्षं मिळतात, तो अर्ज मॅडमनी पुढे पाठवलाय. फॉर्म अजून ९१ कमी आहेत.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. सकाळी सकाळी एखाद्या अनोळखी नंबरावरून ‘फक्त दहा मिनिटं लागतील’ असं म्हणत गूगल फॉर्मची लिंक आली, तर डिलीट करू नका. दहा नाही, पंचवीस मिनिटं लागतील, तरी भरा. सरसकट ‘तटस्थ’ ठोकून मोकळे होऊ नका, मेहुण्यांनी ते काम पुरेसं केलंय. आणि नोकरी सोडावीशीही वाटत असेल आणि तिथूनच निवृत्त व्हावंसंही वाटत असेल, तर बेधडक दोन्हीकडे ‘पूर्णपणे सहमत’ करा. अल्फाचं काय ते त्यांचे ते बघतील.