पंधरा तास मोजून घ्या

"काका, हेवी लायसन्स काढायचंय. कुणाकडे स्वस्तात होईल?"

गेल्या रविवारी आमच्या गल्लीतल्या एका पोरानं विचारलं. वय एकवीस, दीड वर्ष टेम्पो चालवतोय, हात चांगला बसलाय. एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये चौकशीही करून आला होता. तिथं त्याला सांगितलं, "रोज यायची गरज नाही. ट्रायलच्या आदल्या दिवशी ये, दोन राउंड मारू. कागद आम्ही तयार ठेवतो." पोरगं खूश. मी मात्र हादरलो.

कारण तो 'कागद' म्हणजे फॉर्म ५, शिकवणी पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र. ट्रकचं लायसन्स त्याच्याशिवाय मिळत नाही. नियम सांगतो की मालवाहू गाडीची शिकवणी कमीत कमी ३० दिवसांची हवी आणि शिकणाऱ्यानं प्रत्यक्ष स्टिअरिंगवर कमीत कमी १५ तास बसायला हवं. त्या स्कूलनं पोराला पंधरा तासांच्या जागी दोन राउंड देऊ केले आणि वर सहीशिक्क्यानिशी खोटं लिहून द्यायचीही तयारी दाखवली. याला सोय म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात. पहिला फसतो तो पोरगा आणि त्याच्यानंतर रस्त्यावरचे आपण सगळे.

मुळात पंधरा तास तरी कुठे पुरतात? २०१८ मध्ये केंद्रानं ट्रकची भारक्षमता वाढवली. दहा चाकी गाडी मालासकट २५ टनांची असायची, ती साडेअठ्ठावीस टनांपर्यंत नेता येऊ लागली. किमान तास मात्र पंधराचे पंधराच. शिवाय हे पंधरा तास बहुतेक ठिकाणी जुन्या, रिकाम्या सहा चाकीवर, सपाट रस्त्यावर जातात. नोकरी लागते ती भरलेल्या गाडीवर आणि पहिल्याच आठवड्यात समोर घाट येतो.

घाटाबद्दल थोडं सविस्तर बोलायलाच हवं. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा जुन्या उस्तादांचा नियम. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेक अडीनडीला शिल्लक राहतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो. लायनर तापतात आणि तापलेले लायनर पकडत नाहीत. काहीजण तर इंजिनच बंद करतात. मग ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड वाहनानं चाळीसहून जास्त गाड्या उडवल्या. उतारावर इंजिन बंद ठेवलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. दरवेळी आपण 'ब्रेक फेल' एवढं वाचतो आणि पान उलटतो. त्या ड्रायव्हरला उतार उतरायला कुणी शिकवलं होतं का, हे विचारत नाही.

पूर्वी हे शिकवायची एक वाट होती. पोरगा क्लीनर म्हणून गाडीवर चढायचा. टायर ठोकून हवा ओळखायचा, ताडपत्री आवळायचा, रिव्हर्सला मागे उभा राहून गाडी घ्यायचा आणि दोन-तीन वर्षांनी उस्ताद रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हातात द्यायचा. त्या वाटेवर शिव्या होत्या, मार होता, कधीकधी पगारही नव्हता, आणि लायसन्स नसताना गाडी चालवणं तर सरळ गुन्हा. ती वाट परत आणा असं मी म्हणणार नाही. पण तिच्यात घाट होता, पाऊस होता, भरलेली गाडी होती. आता खर्च वाचवायला कित्येक मालक क्लीनरच ठेवत नाहीत. जुनी शाळा बंद पडली आणि तिच्या जागी फॉर्म ५ चा कागद आला.

सरकारनं दुसरी वाट काढली आहे. जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. अवजड वाहनाच्या केंद्राला दोन एकर जागा हवी, सिम्युलेटर हवा, ट्रॅक हवा. अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा. तिथं पास झालेल्याला आरटीओची ट्रायल पुन्हा द्यावी लागत नाही. ट्रायल चुकते म्हणून तिकडे जाऊ नका, ३८ तास मिळतात म्हणून जा. पुण्यात भोसरीजवळ नाशिक फाट्याला सीआयआरटी या संस्थेचं आयडीटीआर हे ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्र आहे. त्या पोराला मी आधी तिथं पाठवलंय. अडचण एवढीच की अशी केंद्रं थोडी आहेत, आणि जत किंवा किनवटच्या पोरानं पुण्यात सहा आठवडे राहायचं कुठं आणि खायचं काय? ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून रडणाऱ्या ट्रान्सपोर्ट मालकांनी या सहा आठवड्यांचा खर्च उचलावा. लाखो रुपयांची गाडी ज्याच्या हाती देता, त्याच्या शिकवणीला हात आखडता घेणं हा निव्वळ अडाणीपणा आहे.

आणि पोरांनो, घाई कशाची? ट्रकचं लर्निंग मिळायला वय २० पूर्ण हवं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स वर्षभर जुनं हवं. हे वर्ष फुकट जात नाही. मालासकट साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या लायसन्सवर चालवता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला शिक्कामोर्तब केलंय. तेव्हा टेम्पोवर कमवा, आरसे वापरायला शिका, भरलेली गाडी थांबायला किती रस्ता खाते ते अंगात भिनू द्या. पुढे टँकरवर जायचं असेल तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण लागतं, तेही मनापासून करा. तिथली चूक आख्खी वस्ती जाळू शकते.

जवळ केंद्र नसेल आणि गावातलीच स्कूल निवडायची असेल, तर फी विचारण्याआधी गाडी कोणती आहे ते विचारा. एका गाडीवर किती पोरं बसवता आणि माझ्या हातात स्टिअरिंग किती तास, हे विचारा. भरलेली गाडी एकदा तरी चालवायला देणार का, घाटात नेणार का, हे विचारा. तासांची नोंद रोज स्वतःच्या वहीत करा.

ज्या आईबापांचा पोरगा हेवी काढायला निघालाय, त्यांना एकच विनंती. त्याच्याबरोबर स्कूलमध्ये जा आणि शिकवायची गाडी बघायला मागा. गाडी दाखवत नसतील, तर पैसे खिशातच ठेवा आणि पोराला घेऊन घरी या.