साठ व्होल्टचा ताठा

गाडीला लिथियमची बॅटरी बसवली त्याचं कारण मी सोसायटीत सगळ्यांना पर्यावरण असं सांगितलं. मेहुण्याला मात्र पैशांचं सांगितलं, कारण त्याला पर्यावरण कळत नाही. खरं कारण चढ.

पुण्यात जन्म काढलेल्या माणसालाही पुणं सपाट वाटतं, कारण त्याच्याकडे पेट्रोलची गाडी असते. पेट्रोलच्या गाडीला भूगोल नसतो; मनगट जरा जास्त पिळलं की चढ संपला. 250 वॉटच्या मोटरवर या, मग बोलू. 250 वॉट म्हणजे किती? आमच्या ओट्यावरचा मिक्सर 500 वॉटचा आहे. म्हणजे मी, बायको, भाजीची पिशवी आणि पावसाळ्यात दोन रेनकोट, एवढा संसार अर्ध्या मिक्सरवर शहरभर हिंडतो. कायद्याचं म्हणणं असं की, ताकद 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असला की लायसन्स नको, नंबरप्लेट नको. मानही मिळणार नाही हे कायद्यात लिहिलेलं नाही, ते रस्त्यावर कळतं. मागून रिक्षावाला हॉर्न देतो तो ‘बाजूला हो’ असा नसतो, ‘घरी जा’ असा असतो.

तर चढ. मुठा नदी गावाच्या मधून आणि अर्थातच सगळ्यात खालून वाहते. त्यामुळे नदीकडून तुम्ही कुठेही निघालात तरी चढच लागतो, हे इतकं उघड असून आजवर एकाही पुणेकराने माझ्याजवळ कबूल केलेलं नाही. पर्वतीला बरं आहे, तिथे 103 पायऱ्या आहेत. दमलात तर पायऱ्यांकडे बोट दाखवता येतं. कर्वे रस्त्याला पायऱ्या नाहीत, म्हणून तो सपाट! डेक्कनपासून कोथरूडपर्यंत तो कुणाच्या नकळत, सभ्यपणे चढत राहतो. पौड रस्ता तेवढा सभ्य नाही. चांदणी चौक जवळ येईल तसा तो खरं बोलू लागतो. स्वारगेटहून कात्रजकडे निघालात तर सातारा रस्ता पहिल्यापासूनच अंगावर येतो. आणि जिथे निसर्गाने चढ दिला नाही तिथे महापालिकेने उड्डाणपूल दिलाय. उड्डाणपुलावर ताशी बारा किलोमीटरने वर चढत असताना मागे पीएमपीची बस असणं म्हणजे काय, ते ज्याला माहीत आहे तो माझा सख्खा भाऊ.

देशभरातल्या गाड्या तपासून प्रमाणपत्रं देणारी एआरएआय ही संस्थासुद्धा कुठे आहे? वेताळ टेकडीवर! माझी गाडी तिथे तपासायला न्यायचं ठरवलं, तर ती फाटकापर्यंत पोचली यातच परीक्षा झाली म्हणायची. आत नेऊन आणखी काय बघणार? मुंबईची भाची हे सगळं ऐकून हसते. तिचं बरोबर आहे. मलबार हिल सोडली तर तिच्या मुंबईत चढ म्हणजे रेल्वेचा पूल, आणि तो चढायला लोकलची गर्दी मागून ढकलते.

मी या चढांची एक वही केली आहे. कुठला चढ कुठून सुरू होतो, कुठे श्वास घेतो, कुठे फसवून पुन्हा उठतो, असं सगळं. पहिल्या पानावर हिशोब आहे. आम्ही दोघं आणि गाडी मिळून 220 किलो धरलं, तर 100 मीटर उंच जायला निव्वळ 60 वॉट-अवर खर्च होतात, मोटरमध्ये वाया जातं ते वेगळं. वही मी कुणाला दाखवत नाही. म्हणजे दाखवतो, पण बघत कुणी नाही.

जुनी बॅटरी शिशाची होती. 12 व्होल्टचे पाच ठोकळे, मिळून 40 किलोंच्या आसपास. हे ठोकळे सपाट रस्त्यावर गुणी. चढ लागला, मोटरने जोर मागितला की त्यांचा व्होल्टेज बसायचा, कंट्रोलरला वाटायचं बॅटरी संपली, आणि तो गाडी बंद करायचा. आमच्या घराकडे वळणाऱ्या रस्त्यावर औषधाच्या दुकानापाशी हे हमखास व्हायचं. मग ही काही न बोलता उतरायची आणि मी एकटा वर जायचो. वर पोचल्यावर तिची वाट बघत उभं राहायचं, तर लोकांना काय वाटेल, म्हणून मी टायरमधली हवा दाबून बघायचो. त्या टायरइतकी तपासणी झालेला टायर कोथरूडात दुसरा नसेल. कोथरूडासारख्या ठिकाणी बायकोला चढावर उतरवून पुढे निघून जाणारा नवरा ही आपली ओळख होत चालली आहे, हे मला झोंबत होतं.

आणखी एक होतं. टायर दाबून झाला, आरसा पुसून झाला, तरी ती दिसायची नाही. पूर्वी एवढा वेळ लागत नसे. ती यायची, पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची, पाय टाकून मागे बसताना क्षणभर माझ्या खांद्यावर जरा जास्त भार द्यायची. गुडघा. ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. मी फोनवर बॅटऱ्यांचे भाव बघायला लागलो.

बॅटरीवाला पोरगा पंचविशीतला. ‘काका, एलएफपी घ्या. तापत नाही, टिकते.’ मी त्याला सांगितलं की, लिथियम, लोखंड आणि फॉस्फेट यांची ही जोडणी जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतली. 1997 सालच्या त्या निबंधावर गुडइनफ यांच्याआधी पाढी आणि नंजुंडस्वामी अशी दोन नावं आहेत. आणि लिथियम बॅटरीच्या कामाबद्दल गुडइनफना 2019 चं नोबेल मिळालं तेव्हा ते 97 वर्षांचे होते. 97! ही गोष्ट मी निवृत्त झाल्यापासून फार मनावर घेतली आहे. माझ्या हातात अजून पुष्कळ वर्षं आहेत. पोराने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘हो का? कॅश की यूपीआय?’

पॅक आला तो निळ्या वेष्टनातला, वर पकडायला पट्टा. वजन 16 किलो. 20 सेल एकापुढे एक जोडलेले, प्रत्येकी 3.2 व्होल्टचे, म्हणजे बेरीज 64. गाडीवर मात्र सगळे 60 व्होल्टच म्हणतात. पोराने मल्टीमीटरच्या दोन सुया लावून आकडा दाखवला, कनेक्टर जोडताना बारीकशी ठिणगी उडून ‘टच्’ झालं आणि मी एक पाऊल मागे आलो. ‘होतं तसं,’ तो म्हणाला. पाच ठोकळ्यांच्या खणात हा एकटा पॅक सैल पडायला लागला, तर त्याने जुन्या ट्यूबचा एक तुकडा कापला, दुमडला आणि फटीत ठासून बसवला. नोबेलविजेत्या रसायनशास्त्राला शेवटी मोटारसायकलच्या फुटक्या ट्यूबचा आधार! जुने ठोकळे त्याने वजनावर परत घेतले. शिशाला भंगारात भाव आहे, आणि ते वितळवून पुन्हा नव्या बॅटरीत जातं, हे त्याचं ज्ञान माझ्या ज्ञानापेक्षा उपयोगाचं होतं, कारण त्याने बिलातून पैसे कमी केले.

सोसायटीत मात्र पत्रक लागलं. 2022 च्या उन्हाळ्यात गाड्या पेटल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत आणि त्यानंतर सरकारने बॅटऱ्यांच्या चाचण्या कडक केल्या हे कुणी बघितलेलं नाही. मी कमिटीला फॉस्फेट कसं इतर प्रकारांपेक्षा उष्णतेला दाद देत नाही ते समजावलं. कमिटीने शांतपणे ऐकून लिफ्टमधून बॅटरी नेऊ नये असा ठराव केला.

चाचणीच्या पहिल्या फेरीला मी एकटा निघालो. औषधाच्या दुकानापाशी श्वास रोखला. गाडी चढली! धापा न टाकता, कुरकुर न करता, सरळ वर. वर जाऊन सवयीने टायर दाबला. काट्याकडे पाहिलं तर फुल. चांदणी चौकाकडे गेलो, फुल. परत आलो, फुल. काटा शिशाच्या स्वभावावर बनवलेला. शिशाचा व्होल्टेज हळूहळू उतरतो तसा तो उतरायचा. या लिथियमचा व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत जागचा हलत नाही आणि मग एकदम कोसळतो. काटा बिचारा शेवटपर्यंत ‘सगळं ठीक आहे’ म्हणत राहतो.

हे मला कुणी शिकवलं, तर खाण्याचे डबे पोचवणाऱ्या एका पोराने. तशीच गाडी, तसाच पॅक, मागे चौकोनी पिशवी. सिग्नलला शेजारी उभा होता. ‘काका, काट्यावर नका जाऊ. व्होल्टचा मीटर लावा छोटा. दोनेकशे रुपयांत येतो.’ मी विचारलं, तुझी कधी बंद पडली? ‘पडली ना. बावधनच्या चढावर. दोन ऑर्डरी होत्या.’ पुढचं त्याने सांगितलं नाही, सिग्नल सुटला. मी वहीत ज्या चढांची वर्णनं लिहितो ते हा पोरगा पावसात, रात्री अकराला, मिनिटं मोजत चढतो, आणि अर्ध्या वाटेत मोटर थांबली तर ढकलत नेतो. अशा पोरांना आमच्या सोसायटीत लिफ्ट वापरायला बंदी आहे. बॅटरीबद्दलच्या ठरावाच्या वरच्याच ओळीत तेही लिहिलेलं होतं, आणि तोवर ते मला दिसलं नव्हतं.

मीटर लावला. आता गाडी परिपूर्ण होती, फक्त कुणी विचारायला हवं होतं. आपल्याकडे गाडीला एकच प्रश्न असतो : ‘किती देते?’ त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. सपाटीवर एवढं, चढावर एवढं, एकटा असताना, दुकटे असताना, थंडीत. पार्किंगमध्ये मी उगाच सीट उघडून उभा राहू लागलो. लोक यायचे, ‘काय, बंद पडली का?’ असं हळहळून विचारायचे आणि स्वतःच्या गाडीवर बसून निघून जायचे.

मग एका संध्याकाळी हिला मागे बसवून निघालो. औषधाचं दुकान आलं. ही सवयीने उतरायला लागली. ‘बस,’ मी म्हणालो, ‘आता उतरायचे दिवस गेले.’ आणि आम्ही दोघं वर पोचलो. मी मागे वळून पाहिलं. चेहऱ्यावर कौतुक असेल अशी अपेक्षा होती.

‘भाजी राहिली की,’ ती म्हणाली.

‘कुठली भाजी?’

‘चढाच्या मध्यावर बाई बसते ती. आणि ताईला फोन करायचा असतो माझा तेवढ्यात. तुमच्या मागे बसून करता येत नाही, तुम्ही व्होल्ट सांगत असता.’

‘पण गुडघा?’ माझ्या तोंडून निघून गेलं.

ती जरा थांबली. ‘गुडघ्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘टायरने,’ मी म्हणालो.

ती हसली नाही, पण पिशवी माझ्या हातात दिली आणि गाडीला एक वेढा घातला. मग तिने गाडी मधल्या स्टँडवर चढवून पाहिली. चढली. 24 किलो कमी झाल्याचा हिशोब मी शंभर वेळा केला होता, पण तो तिच्या बाजूने कधी केला नव्हता. शिशाचे ठोकळे असताना ही गाडी तिला जागची हलायची नाही, म्हणून ती मागे बसायची; भीती वगैरे काही नव्हती. लायसन्स लागत नाही हे मीच तिला हजारदा ऐकवलं होतं.

आता भाजी, बँक, वारज्याची ताई, सगळं तिच्याकडे गेलं आहे. मी घरी असतो. मीटरवरचा आकडा अमुकच्या खाली आला की परत फिर, असं चिठ्ठीवर लिहून मी हँडलला चिकटवलं होतं. ती चिठ्ठी तिने काढून त्यामागे किराण्याची यादी केली. गाडी एकदाही बंद पडलेली नाही. पडावी असं मला वाटत नाही, पण पडली असती तर मी दोन मिनिटांत समजावून सांगितलं असतं.

परवा दुपारी तिचा फोन आला. मी रिंग पुरती वाजू न देता उचलला.

‘अहो, इथे चांदणी चौकात एक गृहस्थ थांबलेत. गाडी किती देते विचारतायत. काय सांगू?’

‘थांब!’ मी म्हणालो आणि वही आणायला आत धावलो. चष्मा शोधला, पान काढलं, फोन पुन्हा कानाला लावला.

‘सपाटीवर विचारतायत की चढावर?’

‘गेले ते,’ ती म्हणाली. ‘भरपूर देते म्हणून सांगितलं मी.’