पेणचा निकाल, रोह्याचा रिपोर्ट

आम्ही मित्र भेटलो की पहिला प्रश्न आकड्याचा असतो. शाळेत "किती पडले?" असं विचारायचो. मधली बरीच वर्षं "हातात किती येतात?" यात गेली. आता साठी दारात आल्यावर रोह्याचा मित्र पेण स्टेशनात गाडीतून उतरतो न उतरतो तोच आमच्यातला कोणीतरी विचारतो, "उपाशीपोटीची किती आली आणि जेवणानंतरची किती?" समोरचाही असा वस्ताद, की भूमितीचे मार्क जसे लपवायचा तशी जेवणानंतरची अजून लपवतो.

आकड्यांचा हा धाक आम्हाला आमच्या मातीतूनच मिळाला. रोह्याच्या पोराला लहानपणी बागुलबुवाची भीती घालावी लागत नसे, चिंतामणराव देशमुखांचं नाव पुरे. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, बालपण रोह्यातलं. 1912 साली मॅट्रिकला पहिले, वर संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. 1918 साली आयसीएसला पुन्हा पहिले. 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री. एवढ्यावर तरी थांबावं, तर पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष! शाळेसाठी पेणला मामाकडे राहणारा आमचा रोहेकर मित्र गणितात काठावर पास झाला, तेव्हा त्याचे वडील गरजले होते, "कुंडलिकेचं पाणी तेही प्यायले आणि तूही पितोस!" मधल्या काळात नदीकाठी कारखाने आले, हे उत्तर त्याला तीस वर्षांनी सुचलं. तोवर वडील गेले होते आणि तो स्वतः त्यातल्याच एका कारखान्यात शिफ्ट इनचार्ज झाला होता.

आम्हा पेणकरांकडे मात्र या माऱ्याला तोड होती. विनोबा आमच्या तालुक्यातल्या गागोद्याचे. बडोद्याला असताना त्यांनी आपले दाखले आईच्या देखत जाळले आणि 1916 साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला म्हणून निघाले ते सुरतेला उतरून काशीला गेले. हे कळलं त्या दिवशी मला परीक्षेपेक्षा थोर मार्ग सापडल्यासारखं वाटलं होतं. घरी हा विषय काढल्यावर वडील शांतपणे म्हणाले, "ते सुरतेला उतरून काशीला गेले. तू नागोठण्याला उतरून मावशीकडे जातोस."

विनोबांचा जन्म सप्टेंबर 1895 चा, चिंतामणरावांचा जानेवारी 1896 चा. उणापुरा चार महिन्यांचा फरक. एकाने समोर आलेली प्रत्येक परीक्षा पहिल्या नंबरने दिली, दुसरा परीक्षेच्या वाटेवरच उतरून गेला. मॅगसेसे पुरस्कार दोघांनाही मिळाला, विनोबांना 1958 ला आणि चिंतामणरावांना 1959 ला. दोघे गेलेही एकाच वर्षी, 1982 मध्ये, दीड महिन्याच्या अंतराने. त्याच वर्षी आम्ही दहावी झालो. या दोघांच्या मधली जी मोठी मोकळी जागा आहे, त्यात आमचा अख्खा वर्ग आरामात मावला.

आमच्यातल्या एकाचा हमरापूरला गणपतींचा कारखाना आहे. वर्गात त्याचं अक्षर सगळ्यांत वाईट आणि चित्रकला सगळ्यांत चांगली. मूर्तीच्या कामात डोळ्यांची आखणी हे सगळ्यांत जबाबदारीचं काम, ते तो कोणाला करू देत नाही. बुबुळ केसभर सरकलं तर देव रागावलेला दिसतो, आणि गिऱ्हाईक मूर्ती नेत नाही. तर ज्याने उभ्या आयुष्यात एवढ्या गणपतींना डोळे दिले, त्यालाच मोतीबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, लगेच करून टाकू. हा म्हणाला, चतुर्थी झाल्यावर. चतुर्थी झाली, मग परदेशी जाणाऱ्या मूर्तींची पुढची ऑर्डर आली, कारण बोटीने जाणाऱ्या देवाला महिनोन्महिने आधी निघावं लागतं. शेवटी बायकोने कारखान्याची किल्ली काढून घेतली तेव्हा ऑपरेशन झालं.

मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, आणि ते इतकं हळूहळू होतं की माणसाला कळत नाही. पट्टी काढल्यावर त्याने कारखान्यात उरलेल्या मूर्तींकडे पाहिलं आणि खालीच बसला. निळे शेले त्याला भलतेच निळे दिसत होते. "गेली दोन वर्षं मी काय रंगवत होतो, देव जाणे," तो म्हणाला. मग जरा थांबून, "त्याला तर ठाऊकच असणार. समोर तोच बसला होता."

दुसऱ्याची कथा मणक्याची. मुंबई-गोवा महामार्ग रुंद करायचं काम पळस्पे ते इंदापूर या टप्प्यात 2011 साली सुरू झालं, तेव्हापासून तो पेणहून मोटारसायकलने नोकरीला जात होता. रस्ता पुरता रुंद व्हायच्या आत त्याच्या मणक्यातली जागा अरुंद झाली. एमआरआयच्या फिल्ममधला तो खालचा मणका बोटाने दाखवून तो सांगतो, "हा गडब." त्याच्यावरचा वडखळ आणि खालचा कोलेटी, अशी त्याला आपली पाठ गाववार पाठ आहे.

पेण-रोह्यात डॉक्टर नाहीत असं कोणी म्हणणार नाही. पण मोठा डॉक्टर आमच्याकडे पाहुणा असतो. हाडांचा गुरुवारी येतो, मेंदूचा दुसऱ्या शनिवारी, आणि आजाराला वार कळत नाहीत. मग पनवेल, नाहीतर अलिबाग. सोबत फाइल, पाण्याची बाटली आणि कागद वाचू शकणारा भाचा. रोहेकराच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कागद जमवताना तर मजाच झाली. आधारकार्डावर वडिलांचं नाव पूर्ण, रेशनकार्डावर नुसतं आद्याक्षर, शाळेच्या दाखल्यावर आडनावच निराळं. गुडघा एक आणि त्याच्यावर हक्क सांगणारे तिघे. तिघे एकच आहेत हे सिद्ध होईपर्यंत दुसरा गुडघाही दुखायला लागला. खिडकीमागच्या माणसाने त्याला धीर दिला, आता कागद तयार आहेत, दुसऱ्याला वेळ लागणार नाही.

हे सगळं आम्ही एकमेकांना सविस्तर सांगतो ते जानेवारीत, रोह्याला, पोपटीच्या रात्री. मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, वर ओवा आणि जाडं मीठ, तोंडाशी पुन्हा पाला. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवला की अर्धा-पाऊण तास गप्पांना मोकळा. मडक्यावर पाणी शिंपडून चुर्र वाजलं, की झाली. एवढी पथ्याची पार्टी अख्ख्या महाराष्ट्रात दुसरी नसेल. तरी रताळं उचललं की तीन बाजूंनी तीन जण ओरडतात.

त्यात सिस्टरचा आवाज सगळ्यांत मोठा. आमच्याच वर्गातली ही मैत्रीण आरोग्यसेविका होती, लशींचा डबा खांद्याला लावून पेण तालुक्यातल्या वाड्यावाड्यांवर हिंडली आणि निवृत्त झाली. आम्ही तिला सिस्टर म्हणतो. तिचे यजमानही म्हणतात. तिच्यापुढे कोणाची डाळ शिजत नाही. पूर्वी रक्त द्यायच्या आधी दोन दिवस भात बंद केला की काम भागायचं, परीक्षेच्या आदल्या रात्री गाइड वाचून भागायचं तसं. पण हल्ली एचबीएवनसी करतात. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, तेवढ्या काळात रक्तातली साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते, आणि चाचणीत मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब निघतो. 5.7 च्या आत असाल तर बरं, 6.5 ला पोचलात की मधुमेह. दिवाळीच्या करंज्या अशा थेट पोपटीत सापडतात. सिस्टर रिपोर्ट मोबाइलच्या उजेडात धरते, आकडा मोठ्याने वाचते आणि ज्याचा आहे त्याच्याकडे न बघता शेंगा सोलत राहते. आमच्या वर्गशिक्षकांनासुद्धा हे जमलं नव्हतं.

एकदा मणकेवाल्याने बीपीची गोळी सोडल्याचं जाहीर केलं आणि विनोबांचा दाखला दिला, त्यांनीही शेवटी अन्न आणि औषध सोडलं होतं म्हणे. सिस्टर म्हणाली, "सत्त्याऐंशीव्या वर्षी, रे! आणि त्याआधी भूदानासाठी तेरा-चौदा वर्षं देशभर पायी हिंडले. तू रोज स्टेशनापर्यंत चालत जाऊन दाखव, मग बघू." त्याने तिथल्या तिथे गोळी घेतली. पाणी मात्र मागून घेतलं.

आमच्यातल्या एकाचं लग्न उशिरा झालं, म्हणून त्याची मुलगी आत्ता बारावीला आहे आणि आम्हा सगळ्यांच्या वाट्याला परीक्षेची शेवटची काळजी आली आहे. आमचा रायगड जिल्हा भूगोलात कोकणात, पण बोर्डात मुंबई विभागात. राज्यात कोकण विभाग पहिला आल्याचे पेढे दरवर्षी रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाटले जातात, आम्ही फक्त बातमी वाचतो. पोरीला नीट द्यायची आहे. अलिबागला सरकारी मेडिकल कॉलेज झाल्यापासून तिच्या आईला ती डॉक्टर झालेलीच दिसते, आणि आम्हा काकांनाही, अर्थात आमच्या कारणासाठी. गेल्या पोपटीला प्रत्येकाने तिला आपापला अवयव सुचवला. रोहेकर म्हणाला, हाडांची हो. तिने बोटावर हिशेब केला. "साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं पुढची, मधे एखादी परीक्षा हुकली तर आणखी एक. काका, नऊ-दहा वर्षं गुडघा सांभाळा."

त्या दिवसापासून रोहेकर जिना धरून उतरतो.

तर रोह्याला कोणी मित्र असेल, तर फेब्रुवारीच्या आत जाऊन या. नंतर शेंगा निबर होतात आणि ज्यांच्या घरी बारावी आहे ते दार उघडत नाहीत. जाताना पेणचे पोह्याचे पापड न्या. आणि रिपोर्ट न्यायचाच असेल, तर तो पोपटी खाऊन झाल्यावर काढा.