सक्तमजुरी नव्हे, सक्तहजेरी

महाराष्ट्राचे विधिमंडळ शिस्तीच्या बाबतीत वज्राहून कठोर आहे अशी एखाद्या भाबड्या नागरिकाची समजूत झाली, तर त्याला दोष देता येणार नाही. कारण सभागृहाने वेळोवेळी फर्मावलेल्या सजांची यादीच अशी आहे, की ती वाचताना गावच्या चावडीवर हातकडी पाहिल्यासारखे वाटावे. २००९ साली हिंदीतून शपथ घेणाऱ्या अबू आझमींच्या अंगावर धावून गेलेल्या मनसेच्या ४ आमदारांना चार वर्षे; २०१७ साली अर्थसंकल्पाचे वाचन चालू असता कर्जमाफीसाठी गदारोळ करणाऱ्या काँग्रेस-राष्ट्रवादीच्या १९ आमदारांना ३१ डिसेंबरपर्यंत; आणि २०२१ साली भाजपच्या १२ आमदारांना पुरे एक वर्ष निलंबन. आकडे मोठे भारदस्त आहेत. मात्र सजा सुनावताना सभागृहाची मुद्रा जितकी रौद्र असते, तितकेच त्याचे अंतःकरण नंतर द्रवशील होते. २०१७ च्या मार्चमध्ये डिसेंबरपर्यंत हद्दपार झालेली मंडळी एप्रिलमध्येच टप्प्याटप्प्याने आपापल्या बाकांवर परतली, आणि २०२४ साली विधान परिषदेत शिवीगाळीबद्दल विरोधी पक्षनेते अंबादास दानवे यांना झालेले पाच दिवसांचे निलंबन, त्यांनी दिलगिरी व्यक्त करताच, तीन दिवसांवर आले.

२०२१ चे प्रकरण मात्र सविस्तर सांगण्याजोगे आहे. त्या वर्षीचे पावसाळी अधिवेशन अवघे दोन दिवसांचे, ५ आणि ६ जुलै. अध्यक्षांचे पद फेब्रुवारीपासून रिक्त. आसनावर तालिका अध्यक्ष म्हणून भास्कर जाधव. ओबीसी आरक्षणाच्या ठरावावरून पहिल्याच दिवशी जो गोंधळ उडाला, तो सभागृहातून दालनात गेला. तेथे आपणांस शिवीगाळ व धक्काबुक्की झाली असे जाधवांनी सांगितले, तसे काही घडले नाही असे विरोधकांनी सांगितले, आणि या दोन कथनांतील खरे कोणते याची चौकशी करण्याइतकी सवड दोन दिवसांच्या अधिवेशनात कोठून असणार, म्हणून संसदीय कार्यमंत्र्यांनी त्याच दिवशी ठराव मांडला व तो आवाजी मतदानाने मंजूर झाला. आवाजी मतदान ही पद्धत मोठी समर्पक होती, कारण गुन्हाही बहुतांशी आवाजाचाच होता.

आता सभागृहाच्या नियमावलीतील नियम ५३ असे सांगतो, की बेशिस्त सदस्यास अध्यक्षांनी त्या दिवसापुरते बाहेर काढावे, आणि त्याच अधिवेशनात त्याने पुन्हा कसूर केल्यास उरलेल्या अधिवेशनापुरते. अधिवेशनाचा उरला होता एक दिवस. ज्या अपराधाला एका दिवसाची सजा देणे शक्य, त्याला ३६५ दिवसांची देण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ रोजी ती घटनाबाह्य ठरवली. न्यायालयाचे म्हणणे असे, की हे निलंबन हकालपट्टीहूनही वाईट. हकालपट्टीत जागा रिकामी होऊन सहा महिन्यांत पोटनिवडणूक तरी होते, येथे आमदार आहे पण नाही, आणि शिक्षा भोगतो तो मतदारसंघ. दरम्यान डिसेंबरचे अधिवेशन होऊन गेले. त्याच अधिवेशनात पंतप्रधानांची नक्कल केल्याबद्दल बिनशर्त माफी मागण्याचा प्रसंग भास्कर जाधवांवरच आला, आणि बाहेर पायऱ्यांवर आदित्य ठाकरे येत असता नितेश राणे यांनी मांजराचा आवाज काढला, हे इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. (मांजराचे बोलणे असंसदीय ठरवावे काय, याविषयी नियमावली मौन बाळगते.)

चिकित्सक वाचकाच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. २०१७ साली ज्यांनी १९ जणांना घालवले, त्यांचेच १२ जण २०२१ साली घालवले गेले. पहिल्या खेपेस ‘लोकशाहीची हत्या’ म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या खेपेस ‘सभागृहाची प्रतिष्ठा’ म्हटले, आणि प्रतिष्ठावाल्यांनी हत्येची फिर्याद गुदरली. भाषणांच्या प्रती विधानभवनाच्या दफ्तरात जपून ठेवल्या, तर पुढल्या सरकारास केवळ पक्षाचे नाव बदलून त्या वापरता येतील व लघुलेखकांचे श्रम वाचतील.

सभागृहाबाहेरील शिस्तीची तऱ्हा तर याहून मनोहर. २०२५ च्या जुलैत मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासात डाळ नासकी निघाली म्हणून आमदार संजय गायकवाड यांनी कँटीनच्या कर्मचाऱ्यास ठोसे लगावले. पुढे अन्न व औषध प्रशासन जागे झाले आणि परवाना निलंबित झाला, तो कँटीनचा. त्याच महिन्यात कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत फिरली. मंत्रिमहोदयांनी इन्कार केला, समोर आलेली जाहिरात आपण बाजूस सारत होतो असे सांगितले. आणि महिनाअखेर त्यांच्याकडून कृषी खाते काढून घेऊन क्रीडा खाते देण्यात आले. अपराध आणि प्रायश्चित्त यांत इतके सूक्ष्म औचित्य साधणारा शासनकर्ता विरळाच.

निलंबनाचे खरे वैगुण्य असे, की ज्याला ते होते त्याचे त्यात काहीच बिघडत नाही. आत बसलेल्या आमदारास लक्षवेधी मांडण्यासाठी पाळी येईतो ताटकळावे लागते; बाहेर घालवलेल्यास पायऱ्यांवर कॅमेरे आधीच मांडलेले सापडतात. त्या १२ जणांच्या निलंबनाच्या दुसऱ्याच दिवशी भाजपने विधानभवनाच्या आवारात प्रतिविधानसभा भरवली, आणि आतल्या सभेपेक्षा तिचीच बातमी मोठी झाली.

म्हणून आमची एक नम्र तजवीज आहे. बेशिस्त सदस्यास बाहेर न घालवता आत ठेवावे. मोबाइल मार्शलच्या हवाली करून त्याला पहिल्या घंटेपासून अखेरच्या तहकुबीपर्यंत जागेवर बसवावे. पुरवणी मागण्यांवरील रात्री नऊच्या भाषणांना त्याची हजेरी असावी, महालेखापरीक्षकांचा अहवाल त्याने अथपासून इतिपर्यंत वाचावा, आणि सायंकाळी अध्यक्षांच्या दालनात त्यावर चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत. हुल्लडीचे प्रमाण जबर घटेल याविषयी आम्हांस शंका नाही. किंबहुना ‘आम्हांला निलंबित तरी करा’ असे अर्ज येऊ लागतील व अशा अर्जांवर दयाबुद्धीने विचार न करण्याचा कठोरपणा मात्र अध्यक्षांना अंगी आणावा लागेल.

या योजनेचा आनुषंगिक लाभही आहे. २८८ सदस्यांच्या विधानसभेची गणपूर्ती २९. एवढी डोकी भरत नाहीत म्हणून संध्याकाळी घंटा वाजत राहते आणि उपाहारगृहातून माणसे गोळा करावी लागतात. २०१७ चे १९ आणि २०२१ चे १२ मिळून ३१ होतात. म्हणजे त्यांतले दोघे चहाला गेले तरी कामकाज चालू राहील.