आरेक्स की सीडी?

काय हो वहिनी, काल तिन्हीसांजेला तुमच्या दारात कोणाची फटफटी? लेकाने आरेक्स हंड्रेड बघायला आणली ना! आमच्या ह्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखली. किती सांगतोय तो माणूस? अगं बाई! तेवढ्यात शोरूममधली नवी कोरी येईल की.

पोराला मी बोल लावत नाही हो. माझ्या धाकट्या भावाकडे आरेक्सच होती आणि ह्यांच्याकडे सीडी हंड्रेड. दोन्ही १९८५ सालच्या, डोकं दोन्हींमागे जपानी. एक यामाहाची, दुसरी होंडाची. तशी सुझुकीची एएक्स आधीच आली होती, आकुर्डीची कावासाकी बजाजही पाठोपाठ आली. पण आमच्याकडे जेवणाच्या पानावर वाद रंगायचे ते या दोघींवरून.

आणि गंमत बघा, इंजिनं मापाला जवळपास सारखीच. पिस्टन दोन्हींत ५० मिलिमीटरचा. यामाहा ९८ सीसी, होंडा ९७. तरी आरेक्स ११ हॉर्सपॉवर काढायची नि आमची सीडी जेमतेम सातेक! कसं म्हणजे? आरेक्स टू-स्ट्रोक. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला पेट्रोल पेटणार. सीडी फोर-स्ट्रोक, ती एक फेरा सोडून पेटणार. त्यात आरेक्सचं वजन शंभरेक किलो. भावाने ॲक्सिलरेटर पिळला की मागे बसलेली मी पदर सांभाळू की त्याचा खांदा धरू, अशी गत. ह्यांच्या मागे बसून मात्र भाजी निवडता आली असती.

पण पेट्रोल पंपावर भावाचा चेहरा बघायचा! टू-स्ट्रोकमध्ये जळका वायू बाहेर काढायला ताजंच मिश्रण आत शिरतं आणि त्यातलं थोडं न जळताच सायलेन्सरमधून पसार होतं. शिवाय ऑइल जळतं ते वेगळंच, निळा धूर त्याचाच. आरेक्स लिटरला चाळीसेक किलोमीटर दिली तर पावली. होंडावाले जाहिरातीत ८० सांगायचे. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, म्हणे. ह्यांनी ते इतकं मनावर घेतलं, की ऑइल बदलायचंही विसरायचे.

धुराचे नियम कडक होत गेले आणि १९९६ मध्ये आरेक्स बंद पडली. बंद पडली म्हणूनच भाव चढला, नाहीतर एवढं कोण मोजतंय? सीडीवर कोणी जीव ओवाळून टाकत नाही. पण तिचंच ९७ सीसीचं इंजिन १९९४ मध्ये स्प्लेंडरमध्ये गेलं. सुधारणा होत होत ते आजही चालतंय, आपला दूधवाला रोज त्यावरच येतो की.

माझं विचाराल तर मिरवायला आरेक्स, संसाराला सीडी. घ्यायचीच असेल तर खुशाल घेऊ दे. फक्त इसार देण्याआधी इंजिन आणि चासीचा नंबर आर.सी.शी जुळवून बघायला सांगा. १५ वर्षांपुढच्या गाडीची आर.सी. दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, ती केलीय का तेही बघा. आणि सायलेन्सरची जाळी काढू नको म्हणावं. आमच्या ह्यांना दुपारी झोप लागते.