भिंतीवरचं भुंगेपुराण

मृगाची पहिली सर आली की जरीपटक्यात दोन गोष्टी हमखास होतात. लाइट जाते, आणि लाइट आली की ट्यूबलाइटवर तांबूस-काळे भुंगे टपाटप आपटायला लागतात. यंदा तिसरीची भर पडली. आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मंडळींनी दारातला कडुनिंब तोडायचं मनावर घेतलं.

"दीदी, सुना क्या? झाड काटणार म्हणे ते," कंपाउंडच्या भिंतीपलीकडून भाभींनी बातमी दिली. भाभी सिंधी. सासरची माणसं फाळणीनंतर इथे आली, पण भाभी स्वतः नागपुरातच वाढल्या. त्यामुळे वाक्य हिंदीत सुरू होऊन मराठीत कधी शिरतं ते त्यांनाही कळत नाही. "एका रातीत पत्ते खा गए सब. म्हणतात, झाडालाच बीमारी आहे."

समोरच्या मावशी फाटकाशी मेथी निवडत होत्या. त्या काटोलकडच्या, शेतातच जन्म गेलेला. त्यांना राहवलं नाही. "काऊन तोडून राहिले वो? झाडाले का झालं? हुमणीचे भुंगे हायेत ते. खाऊन जातीन, पालवी परत फुटते."

मावशींचं बरोबर होतं. हे भुंगे वर्षभर जमिनीत असतात. पहिल्या पावसाने माती ओलावली की दिवेलागणीला वर येतात आणि थेट कडुनिंब किंवा बाभूळ गाठतात. रात्रभर पाला खायचा, तिथेच जोड्या जमवायच्या आणि उजाडायच्या आत परत मातीत. म्हणून तर सकाळी झाडावर एकही सापडत नाही आणि लोक झाडाला रोगी ठरवतात. खरी भानगड पुढे असते. मादी मातीत ५०-६० अंडी घालते. त्यातून निघालेली पांढरी, पिवळ्या डोक्याची, वळून बसणारी अळी चांगली पाच-सहा महिने मुळं खात राहते. ऊसवाल्या कोल्हापूर-सांगलीकडे तिने शेतं बसवली आहेत. आपल्याकडे जाते ती लॉन, गुलाब, शेवंती. हिरवळीचा तुकडा पिवळा पडला आणि ओढल्यावर सतरंजीगत उचलून हातात आला, तर खाली तीच समजायची.

"मग झाड तोडलं तर?" भाभी.

"तर भुंगे दुसऱ्याच्या झाडावर जातील. तुमच्या शेवग्यावर," मी म्हटलं. "शिवाय मनपाची परवानगी लागते. १९७५ चा कायदा आहे झाडांचा. विचारल्याशिवाय तोडलं तर दंड वेगळा."

ही दंडाची गोष्ट संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावर पोचेल याची मला खात्री होती. भाभींना सांगितलं की वेगळा निरोप धाडावा लागत नाही.

उपाय अगदी साधा आहे. रात्री आठ-साडेआठला झाडाखाली जुनी चादर अंथरायची, बांबूला आकडा बांधून फांद्या हलवायच्या. भुंगे खाण्यात इतके गुंग असतात की भदाभदा खाली पडतात. ते गोळा करून रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. रॉकेल आता कुठे मिळतं म्हणा; साबणाचं दाट पाणीही चालतं. पहिल्या पावसानंतरचे काही दिवस हे नेटाने केलं तर वर्षाचं काम झालं, कारण या किड्याची वर्षाला एकच पिढी. मात्र एकट्याने करून भागत नाही. गावंच्या गावं मिळून भुंगे वेचतात ती उगाच नाही. गल्लीतल्या एका घराने वेचले आणि बाकीच्यांनी फक्त खिडक्या लावून घेतल्या, तर पोरखेळ.

"आन् शेणखत कच्चं नोका टाकू," मावशींनी मेथीची जुडी झटकत बजावलं. "त्याच्यातच येते ते."

यावरून भाभींना त्यांचं पोतं आठवलं. मागच्या महिन्यात त्यांच्या घरच्या कंपोस्टमध्ये अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या निघाल्या आणि भाभींनी किळस येऊन अख्खं पोतं कचरागाडीत दिलं. मला तेव्हा कळलं असतं तर वाचवलं असतं. कारण खतातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. ओळखायची एक गंमत आहे. अळी फरशीवर ठेवा. कुशीवर पडून वळवळली, पायांनी सरकू पाहू लागली, तर संशय घ्या. पण पाठीवर उलटी होऊन, पाय वर करून सरसर चालायला लागली, तर ती कुजका पालापाचोळा खाणारी. तिला गुमान परत खतात सोडा, ती तुमचंच काम करतेय. फक्त कुंडीत भरताना खत चाळून घ्या.

"पाठीवर चालते?" भाभींचा विश्वास बसेना. पोतं तर गेलं होतं, नाहीतर त्यांनी तिथल्या तिथे परीक्षा घेतली असती.

मावशींच्या वांग्यांचंही असंच. त्यांच्या नातवाने शाळेत ऐकलं की ठिपकेवाला ढालकिडा शेतकऱ्याचा मित्र, तो मावा खातो. झालं, वांग्यावरचे ठिपकेवाले किडे मावशींना मारू देईना. इकडे पानांची जाळी होऊन नुसत्या शिरा उरल्या. तो हड्डा भुंगेरा. दिसायला ढालकिड्याचाच भाऊ, पण पाला खाणारा. ढालकिड्याची पाठ चकचकीत असते. हड्ड्याची मळकट, बारीक लव असलेली, वर ठिपक्यांची गर्दी. पान उलटून पाहिलं की त्याच्या पिवळ्या, काटेरी अळ्या बसलेल्या दिसतात. घरच्या चार झाडांना फवारणी कशाला लागते? अंड्यांचे पुंजके आणि अळ्या पानासकट तोडायच्या, साबणाच्या पाण्यात टाकायच्या. नातवाला मावशींनी दोन्ही किडे शेजारी शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा कुठे त्याने वांगी ताब्यात दिली.

घरातल्या भुंग्यांचं प्रकरण मात्र पैशाचं निघालं. भाभींच्या सासूबाईंचा हिंडोरो, म्हणजे लाकडी झोपाळा, दिवाणखान्यात आहे. त्याच्या एका पट्टीखाली रोज पिवळट भुकटी पडायला लागली. औषध मारणारा माणूस आला, बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाला उधई आहे, अख्ख्या घराला भोकं पाडून औषध सोडावं लागेल. आकडा ऐकून भाईसाब खुर्चीत बसले.

"भाभी, मातीची नळी दिसली का कुठे? भिंतीवर, पायाशी?"

"नाही."

"मग उधई कशाची?"

उधई माती सोबत घेऊन चालते. भिंतीवरून, चौकटीवरून मातीची नळी काढते आणि लाकूड आतून पोकळ करून तिथे माती भरते. भाभींच्या पट्टीला होती टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं आणि बोटात चोळली तर मैद्यागत लागणारी भुकटी. हे काम लाकूड पोखरणाऱ्या बारक्या भुंग्याचं. अंडी लाकडाच्या बारीक छिद्रांत घातली जातात, अळी महिनोन् महिने आत पीठ पाडत बसते आणि भुंगा बाहेर पडतो तेव्हा भोक दिसतं. म्हणजे आपल्याला दिसतो तो दरवाजा, आणि तोही आतला पाहुणा निघून गेल्यावर. तिला हवा असतो लाकडातला स्टार्च. म्हणून सागाच्या गाभ्याला ती शिवत नाही, बाहेरचा पांढुरका कच्चा भाग तेवढा खाते. लकडगंजातून फर्निचरला लाकूड आणताना पांढरा पट्टा दिसला तर पैसे कमी करून नका घेऊ, पट्टाच कापायला लावा. बांबूत तर स्टार्च भरपूर. त्यामुळे बांबूच्या टोपल्या-खुर्च्यांना हा भुंगा हटकून लागतो. बांबू कापल्यावर पाण्यात मुरवून ठेवतात तो त्यासाठीच.

भाभींना मी सांगितलं, आधी सगळी भुकटी झाडून काढा, खाली काळा कागद अंथरा आणि आठवडाभर बघा. नवी भुकटी पडली नाही तर भोकं जुनीच, मेण भरा आणि विसरा. पडली तर ती एकच पट्टी सुताराकडून बदला, उघड्या लाकडाला बोरॅक्स-बोरिकचं पाणी पाजा, वाळल्यावर वरून-खालून वार्निश. पॉलिश वरच्याच बाजूला करायची आपली खोड असते. खालची कोरी बाजू म्हणजे अंडी घालायला आयती जागा. कागदावर भुकटी पडली खरी, पण त्या एका पट्टीखालीच. घर वाचलं.

स्वयंपाकघराबाबत मावशी आणि भाभी दोघी पक्क्या तयार आहेत, तिथे मला फारसं बोलावं लागत नाही. अख्ख्या मुगावर, चवळीवर पांढरे बारीक ठिपके चिकटलेले दिसले की ती भुंगेऱ्याची अंडी, हे भाभींनीच मला दाखवलं. नागपूरचं ऊन ४५ च्या वर गेलं की गच्चीवर पातळ पसरलेलं कडधान्य चांगलं तापतं, आतली अळीसुद्धा वाचत नाही. मग थंड करून, एरंडेलाचा हात फिरवून कोरड्या डब्यात. मे महिना हुकला तर थोडं थोडं करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये. डाळ-पकवानाची चणाडाळ भाभी तशीच ठेवतात.

एका गोष्टीवर मात्र मी भिंतीवर हात आपटून बोलले. भाभींच्या भावाने इतवारीतून गव्हाबरोबर सल्फासच्या गोळ्या आणल्या होत्या, "गोदामवाले टाकतात" म्हणून. ती गोळी हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन वायू सोडते. गोदामात ते काम जाणकारांच्या देखरेखीखाली, सगळं सील करून होतं. आपल्या दोन खोल्यांत कोठीशेजारी पोरं झोपतात. त्या विषाला उतारा नाही. घरातल्या धान्यात ती टाकून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. भाभींनी पुडी तशीच्या तशी भावाकडे परत धाडली आणि त्याला फोनवर सिंधीत जे काही सुनावलं ते भाषेची अडचण न होता भिंतीअलीकडे समजलं.

एवढ्यात मावशींना मूळ बातमी आठवली. "आन् त्या मागच्या घरच्या जावयाले नागीण झाली म्हन्ते."

"कमरेला?"

"नाही, मानीले. सकाळी उठला तं लाल पट्टा. उतरवाले बोलावलं कोनाले तरी."

रात्री गच्चीवर लाइट लावून झोपले होते का, एवढंच मी विचारलं. होते. मग नागीण नाही आणि कोळीही अंगावर मुतलेला नाही. पावसाळ्यात दिव्याला लांबट, मुंगीएवढा, नारिंगी-काळा किडा येतो. तोही भुंग्याच्याच जातीचा. तो चावत नाही. पण मानेवर आला आणि आपण झोपेत चापट मारून चिरडला, की त्याच्या अंगातला रस कातडीवर पसरतो आणि दिवसा-दोन दिवसांत भाजल्यासारखा पट्टा उठतो. हात फिरला तेवढा पट्टा. दिसला तर फुंकर मारून उडवायचा, चिरडला गेला तर लगेच साबणाने धुवायचं, आणि तो हात डोळ्याला लावायचा नाही. पट्टा उठलाच तर कातडीच्या डॉक्टरला दाखवायचं, उतरवणाऱ्याला नाही.

"म्हणजे आठ दिवसांत बरं होईल?" भाभी.

"साधारण."

"पण मावशी, जावई तर आज जाणार होते ना? नागीण आहे म्हणून सासूने थांबवून घेतलं. रोज आमरस चालू आहे."

मावशींनी मेथीच्या काड्या गोळा केल्या. "मंग सांगू नोका कोनी तिकडं," म्हणाल्या. "दोन दिवस खाऊ द्या बिचाऱ्याले."

भाभी तोवर भिंतीपासून निघालेल्या होत्या.